संशोधनपर लेखनाचा सराव : खान्देशातल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत लेखनकौशल्याचा पेपर घेणारे विद्यार्थी दरवर्षी जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. क्रम विद्यार्थ्यांच्या अडचणींचा आहे, अभ्यासक्रमाचा नाही. जो प्रश्न अडला असेल तिथून वाचायला हरकत नाही.

प्रोजेक्ट शेवटी करायचा असतो. मग पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून सराव कशाला?

कारण प्रोजेक्टच्या वेळी सगळं एकदम येतं. विषय शोधा, वाचा, टिपणं काढा, लोकांशी बोला, लिहा, संदर्भ द्या, टाइप करा. यातली एकही गोष्ट आधी सुटी करून पाहिलेली नसेल, तर विद्यार्थी मागच्या वर्षीच्या कुणाचा तरी प्रोजेक्ट शोधतो, नाव बदलतो आणि स्पायरल बाइंडिंग करून आणतो. त्याला लबाड म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्याला लिहायला कुणी शिकवलंच नव्हतं, हेही तितकंच खरं आहे.

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र प्रकल्प आला आहे, आणि चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्स करण्याची सोय आहे. त्यामुळे हे काम आता फक्त एम.ए. आणि पीएच.डी.वाल्यांचं राहिलेलं नाही. आठवड्याला एक पान लिहा, पण त्या पानावरचं प्रत्येक विधान कुठून आलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. सराव म्हणजे एवढंच.

विषय कसा निवडायचा? सर म्हणतात, 'तुझा विषय फार मोठा आहे.'

'खान्देशातील केळी : एक अभ्यास' असा विषय घेऊन आलात, तर सर तेच म्हणणार. केळी हे क्षेत्र झालं. तुमचा प्रश्न अजून आलेलाच नाही. रावेर-यावल भागातल्या एखाद्या विद्यार्थ्याला हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागत नाही, तो घरी जेवताना ऐकत असतो. केळीचा जाहीर झालेला भाव एक असतो आणि व्यापारी बांधावर येऊन देतो तो भाव दुसराच असतो. मग प्रश्न असा होतो : 'आमच्या गावात एका हंगामात जाहीर भाव आणि शेतकऱ्याच्या हातात पडलेला भाव यांत किती फरक होता, आणि शेतकरी त्याची कोणती कारणं सांगतात?'

या प्रश्नाला गाव आहे, काळ आहे, मोजता येणारी गोष्ट आहे आणि लोकांना विचारण्यासारखं काही आहे. शिवाय तो उघडला की आत आणखी काम निघतं. नवती, पिलबाग, कांदेबाग, वापसी या केळीच्या बागांच्या आणि मालाच्या प्रकारांचे भाव वेगवेगळे असतात. तुम्हाला हे शब्द घरचे आहेत, पण पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या वाचकाला ते कळणार नाहीत. प्रत्येक शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात समजावून द्यायचा. आपल्याला माहीत असलेली गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला नेमकेपणाने सांगणं हा संशोधनपर लेखनातला मोठा सराव आहे, आणि शेतकऱ्याची मुलं-मुली तो चांगला करतात.

केळीच हवी असं नाही. सरदार सरोवरामुळे धडगाव-अक्कलकुवा भागातली माणसं विस्थापित झाली. तुमच्या शेजारी त्यांची पुनर्वसन वसाहत असेल, तर तिथल्या शाळेबद्दल एक छोटा प्रश्न घ्या. अमळनेरला असाल तर १९१६ साली सुरू झालेली तत्त्वज्ञान मंदिर ही संशोधन संस्था जवळच आहे. भुसावळला रेल्वे आहे. ज्या ठिकाणी तुम्हाला दोनदा-तीनदा जाता येईल असा विषय निवडा. पहिल्या भेटीत काय विचारायला हवं होतं, ते घरी लिहायला बसल्यावरच कळतं.

आमच्या तालुक्याला मोठं ग्रंथालय नाही. साधनं कुठून आणायची?

ही अडचण खरी आहे. नवापूरच्या किंवा चोपड्याच्या विद्यार्थ्याला पुण्याच्या मुलासारखं संध्याकाळी ग्रंथालयात जाऊन बसता येत नाही. तरीही वाटतं त्यापेक्षा बरंच काही हाताशी असतं.

धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने ही संस्था उभी राहिली. जुने कागद, हस्तलिखितं आणि जुन्या वस्तू तिथे आहेत. समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं पाहायची असतील तर त्याच शहरात समर्थ वाग्देवता मंदिर आहे. दोन्ही ठिकाणी जाताना महाविद्यालयाचं पत्र घ्या. कोणत्या विषयाचं काय पाहायचं आहे ते आधी कागदावर लिहून न्या. 'काहीतरी जुनं दाखवा' असं म्हणणाऱ्याला कुणीही मदत करू शकत नाही. विद्यापीठाचं ग्रंथालय जळगावला आहेच.

मोबाइलवर शोधगंगा उघडा. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे मोफत मिळतात. मराठी प्रबंधांची शीर्षकं कधी देवनागरीत नोंदलेली असतात, कधी रोमन अक्षरांत. म्हणून दोन्ही प्रकारे शोधा. पूर्ण प्रबंध उतरवून मोबाइल भरू नका, आधी फक्त अनुक्रमणिका आणि संदर्भसूची उतरवा. दुसऱ्याची संदर्भसूची म्हणजे तुमच्या वाचनाची तयार यादी असते.

सगळ्यांत दुर्लक्षित साधनं गावातच असतात : ग्रामपंचायतीची नोंदवही, शाळेचं जनरल रजिस्टर, सहकारी सोसायटीचे वार्षिक अहवाल, बाजार समितीचे भाव, सातबारावरचा पीकपेरा. यांतलं काही पाहायला परवानगी लागते. ती लेखी मागा आणि त्या अर्जाची प्रत जपून ठेवा.

गॅझेटिअर मिळालं! त्यात लिहिलेलं सगळं खरं धरायचं का?

खान्देशचं जुनं गॅझेटिअर म्हणजे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतला १८८० साली छापलेला बारावा खंड. तो इंग्रजीत आहे आणि इंटरनेटवर मिळतो. पिकं, बाजार, रस्ते, जाती, गावं अशी प्रचंड माहिती त्यात आहे. ती वापरलीच पाहिजे. मात्र वापरताना स्वतःला विचारायचं : हे कुणी लिहिलं, आणि कशासाठी?

ते राज्य करणाऱ्यांनी राज्यकारभारासाठी लिहून घेतलेलं पुस्तक आहे. एखाद्या तालुक्यातल्या कापसाच्या क्षेत्राचा आकडा देताना लिहिणाऱ्याला महसुलाची काळजी होती, त्यामुळे त्या आकड्यावर बऱ्यापैकी विसंबता येतं. भिल्लांविषयी लिहिताना मात्र त्याच्यापुढे बंदोबस्ताचा प्रश्न होता. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रमने खान्देशात भिल्ल पलटण उभारली, १८५७-५८ मध्ये भिल्ल नायक खाज्या नाईकांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललं. या घटना सरकारी कागदांत ज्या विशेषणांसह येतात, ती सरकारची विशेषणं आहेत. 'लुटारू भिल्लांनी उठाव केला' असं वाक्य तुमच्या निबंधात आलं आणि त्याला अवतरणचिन्हं नसली, तर ते मत तुमचं झालं. घटना घ्या, तारीख घ्या, ठिकाण घ्या. विशेषण घ्यायचंच असेल तर ते कुणाचं आहे ते सांगा : 'तत्कालीन इंग्रज अधिकारी त्यांना लुटारू म्हणतात.'

याची उलट बाजूही सांभाळायची आहे. गौरवग्रंथ, स्मरणिका, जयंतीच्या पुरवण्या यांतली विशेषणंही तशीच तपासून घ्या. आपल्या माणसाबद्दल आदर असणं आणि पुराव्याशिवाय लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाज्या नाईकांबद्दल आदर असेल, तर त्यांच्याविषयीचं प्रत्येक वाक्य जास्त काळजीने तपासा.

जनगणनेचे आकडे तर सरकारी असतात. त्यात काय चुकणार?

आकडा बरोबर असतो, तुलना चुकते. दरवर्षी दिसणारं एक वाक्य : '१९९१ ते २०११ या काळात धुळे जिल्ह्याच्या लोकसंख्येत घट झाली.' घट कशी होईल? १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. १९९१ च्या धुळ्यात शहादा, तळोदा, नवापूर होतं, २०११ च्या धुळ्यात ते नाही. दोन वेगळ्या प्रदेशांची वजाबाकी करून निष्कर्ष काढला, असा त्याचा अर्थ.

आणखी मागे गेलात तर १९०६ साली एका खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. म्हणजे १८८० च्या गॅझेटिअरमधला 'खान्देश' आणि १९११ च्या जनगणनेतला 'पूर्व खान्देश' यांची तुलना करता येत नाही. यावर उपाय साधा आहे. जिल्ह्याऐवजी तालुक्याचे आकडे घ्या, त्या तालुक्याची हद्द मधल्या काळात बदलली का ते पाहा, आणि नंतर बेरीज करा. हे केल्याचं निबंधात दोन ओळींत नोंदवा. परीक्षक त्या दोन ओळींवरून तुमची पारख करतो.

टिपणं कशी काढायची? मी फोटो काढून ठेवतो.

फोटो जरूर काढा, पण फोटो म्हणजे टिपण नाही. मोबाइलमधले पानांचे फोटो परीक्षेआधी कुणी पुन्हा उघडून पाहत नाही. शिवाय पुस्तकाच्या पहिल्या पानाचा फोटो हटकून राहून जातो आणि मग संदर्भ देताना पुस्तकाचं नावच सापडत नाही.

वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे लेखक काय म्हणतो ते, पृष्ठक्रमांकासह. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते : पटलं, पटलं नाही, आमच्या गावात असं नाही, हे दुसऱ्या पुस्तकाशी जुळत नाही. लेखकाचे शब्द जसेच्या तसे उतरवले असतील तर तिथेच अवतरणचिन्हं द्या, 'नंतर देईन' म्हणू नका. महिन्याभराने आपलं वाक्य कोणतं आणि लेखकाचं कोणतं हे आपल्यालाच ओळखता येत नाही. न ठरवता होणारी बरीचशी वाङ्मयचोरी याच जागी होते.

'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हणजे नक्की काय करायचं?

सरावासाठी एक वाक्य तयार केलं आहे. समजा एखाद्या लेखात असं आहे :

'गेल्या काही दशकांत या भागातील बारमाही विहिरींची पाणीपातळी झपाट्याने खालावली असून त्यामुळे शेतकरी कूपनलिकांकडे वळला आहे.'

बहुतेक विद्यार्थी असं लिहितात : 'मागील काही दशकांमध्ये या परिसरातील बारमाही विहिरींच्या पाण्याची पातळी वेगाने खाली गेली असून त्यामुळे शेतकरी बोअरवेलकडे वळले आहेत.' शब्द बदलले, पण वाक्याचा सांगाडा लेखकाचाच राहिला. खाली संदर्भ दिला तरी हे स्वतःचं लेखन होत नाही.

आता पुस्तक मिटा आणि शेजारच्या मैत्रिणीला सांगा, लेखक काय म्हणतोय. तोंडून जे येईल ते लिहा : 'बोअरवेल वाढण्याचं कारण लेखकाला विहिरी आटण्यात दिसतं. मात्र ही नेमकी कोणती दशकं आणि पाणी किती फूट खाली गेलं, ते या लेखात नाही.' दुसरं वाक्य पाहा. मजकूर समजून घेतल्यामुळे त्यातली उणीव दिसली, आणि तुमच्या पुढच्या कामाची दिशाही तिथेच सापडली. आठवड्याला असा एक परिच्छेद केलात तर सहा महिन्यांत हात बसतो.

किती टक्के कॉपी चालते? कुणी दहा टक्के म्हणतं.

तो दहाचा आकडा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांतून आला आहे. त्यात दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला शिक्षा नाही. दहाच्या पुढे पायऱ्या आहेत : चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि साठच्या वर. शिक्षा सुधारित प्रबंध पुन्हा देण्यापासून नोंदणी रद्द होण्यापर्यंत जाते. पण हे नियम प्रबंध, शोधनिबंध अशा लेखनासाठी आहेत. असाइनमेंट, प्रकल्प अहवाल आणि निबंध त्यांच्या व्याख्येतून वगळलेले आहेत. तेव्हा तुमच्या कामाला 'दहा टक्के चालतात' ही सवलत लावू नका. दुसऱ्याचं एकच वाक्य घेतलं आणि नाव दिलं नाही, तरी ते चुकीचंच.

चॅटजीपीटी वापरू का?

तुमच्या प्राध्यापकांनी मनाई केली असेल तर नाही. परवानगी असेल तर ती कशासाठी आहे ते विचारून घ्या आणि वापरलं तिथे तसं लिहा.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. त्याच्याकडून संदर्भ घेऊ नका. ते अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक आणि साल इतक्या आत्मविश्वासाने देतं की खरंच वाटतं. स्थानिक विषयांवर हा धोका जास्त, कारण आपल्या भागाविषयी इंटरनेटवर मुळात कमी लिहिलेलं आहे. सूचीत एकही न पाहिलेलं पुस्तक नको. शिवाय लिहिण्याचे कष्टच काढून टाकले तर सराव कशाचा झाला?

आधीच्या अभ्यासाचा आढावा म्हणजे पुस्तकांची यादी का?

नाही. कोण काय म्हणतं आणि ते एकमेकांशी कुठे भांडतात, ते सांगायचं. अहिराणीचंच, म्हणजे खान्देशीचंच पाहा. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खान्देशी ही भिल्ल भाषांबरोबर, नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात येते. मराठीच्या अभ्यासकांनी मात्र अनेकदा तिला मराठीची बोली मानलं. जनगणनेत खान्देशीची नोंद वेगळी होते. ही तीन मतं नुसती एकाखाली एक लिहिली तर यादी होते. प्रत्येकाने कशाच्या आधारे ठरवलं, म्हणजे व्याकरणाच्या, इतिहासाच्या की लोकांनी स्वतः सांगितलेल्या मातृभाषेच्या, हे लिहिलं की आढावा होतो.

मुलाखतीत आजोबा अहिराणीत बोलतात. ते मराठीत करून लिहू का?

आधी अहिराणीत जसंच्या तसं, मग खाली मराठी अर्थ. आजोबा म्हणाले, 'आते पहिलासारखं राह्यनं नही,' तर तेच लिहा. 'पूर्वीची परिस्थिती आता राहिली नसल्याचे त्यांनी नमूद केले' असं सुरुवातीलाच करून टाकलंत तर बोलणारा माणूस निबंधातून निघून जातो आणि वाचकाला तुमचं भाषांतर तपासताही येत नाही. पावरी, भिली, गुजर बोली, लेवा बोली यांनाही हेच लागू.

आठवणीतल्या सालांचं काय करायचं, हाही प्रश्न येतो. वयस्कर माणसं साल सांगत नाहीत, घटना सांगतात : 'बहात्तरच्या दुष्काळात', 'मोठ्या पोरीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी'. ते तसंच नोंदवा आणि साल दुसऱ्या कागदावरून पक्कं करा. लग्नपत्रिका, शाळेचा दाखला, सोसायटीचं कर्जखातं, काहीही चालतं. दोन्ही जुळले नाहीत तर आठवण खोटी ठरवून पुसू नका. दोन्ही लिहा.

घरी मी अहिराणी किंवा भिली बोलतो. प्रमाण मराठीत चुका होतात, म्हणून लिहायची भीती वाटते.

शुद्धलेखन शेवटी तपासायचं असतं. पहिला मसुदा तुमच्या डोक्यात ज्या भाषेत येतो त्याच भाषेत लिहा, सगळा निबंध बोलीत उतरला तरी हरकत नाही. मग तो प्रमाण मराठीत न्या. विचार पक्का असेल तर ऱ्हस्व-दीर्घ अर्ध्या दिवसात दुरुस्त होतं. विचारच नसेल तर शुद्ध मराठीही काही करू शकत नाही. बहिणाबाईंनी रचलेलं लेवा बोलीत होतं, आणि आज आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. कुणी वर्गात बोलीवरून हसत असेल तर ते शिक्षकांच्या कानावर घाला. ती शिक्षकांची जबाबदारी आहे.

संदर्भ कोणत्या पद्धतीने द्यायचे? आणि प्रत्येक वाक्याला द्यायचा का?

विभाग सांगेल ती पद्धत घ्या आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. लेखक, शीर्षक, प्रकाशक, गाव, साल, पृष्ठ एवढं टिपलेलं असलं की कोणत्याही पद्धतीत बसवता येतं.

प्रत्येक वाक्याला संदर्भ नको. फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, हे सर्वज्ञात आहे. त्या अधिवेशनाला किती लोक आले, त्यांच्या जेवणाची सोय कुणी केली, आसपासच्या गावांनी काय दिलं, या प्रत्येक विधानाला संदर्भ हवा. वाचक 'कशावरून?' असं विचारू शकेल तिथे संदर्भ द्यायचा.

टायपिंग कशात करायचं?

युनिकोडमध्ये. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांची खिचडी होते आणि सबमिशनच्या दिवशी धावपळ. मोबाइलवर बोलून टाइप केलं तरी चालेल, पण विशेषनामं आणि आकडे डोळ्यांनी तपासा. यंत्र एरंडोलचं काहीही करू शकतं.

कापूस वेचणीच्या दिवसांत लिहायला वेळच मिळत नाही.

त्या दिवसांत लिहू नका, टिपा. दिवसभरात ऐकलेली एक गोष्ट रात्री तीन ओळींत : कोण बोललं, कुठे, काय. मजुरीचा दर, गाडीचं भाडं, व्यापाऱ्याने किती वजन कापलं हे सगळं साहित्यच आहे. हंगाम संपल्यावर याच नोंदींतून निबंध उभा राहतो. शेतात काम करणाऱ्या मुलांना सबमिशनची तारीख थोडी पुढची मिळावी, असं माझं प्राध्यापक मित्रांनाही आग्रहाचं सांगणं आहे.

निबंध जमा केला. ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना दाखवायचा का?

हो, आणि जमा करण्याच्या आधी. त्यांचा भाग त्यांना वाचून दाखवा. त्यांनी 'हे नाव नको' म्हटलं तर नाव काढा आणि 'एक केळी उत्पादक, वय साठच्या पुढे' असं लिहा. जमिनीचे वाद, कर्ज, भाऊबंदकी यांविषयी कुणी बोललं असेल तर त्यांनी सांगण्याची वाट न पाहता नाव, गाव आणि गट नंबर काढून टाका. छोट्या गावात तीन खुणांवरून माणूस ओळखू येतो. एक छापील प्रत त्यांच्या घरी द्या, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. पुढच्या वर्षी त्याच गावावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तुमचा निबंध आधीच्या अभ्यासाच्या आढाव्यात घेता येईल.